नऊ दिवस, आठ गाणी, चाळीस कॅसेट

चार वादक, एक गाडी, दोन कार्यक्रम. निघताना आठ गाणी बसवलेली होती, मुद्रण मात्र एकाचंही झालेलं नव्हतं. परतीच्या आदल्या रात्री त्याच आठ गाण्यांच्या कॅसेट श्रोत्यांच्या हातात होत्या आणि फाइली आमच्या स्वतःच्या पानावर चढल्या होत्या. मध्ये कुठे कंपनी नाही, भाड्याचा स्टुडिओ नाही, बाहेरचा निर्माता नाही. हे जमतं त्यात साधनांचा वाटा जेवढा, तेवढाच एका दोनशे पानी वहीचा. जे मोजलं, जोडलं, ठरवलं ते सगळं तिच्यात लिहिलं, आणि खालचा दिनक्रम तिच्यातूनच उतरवला आहे.

दिवस पहिला : गाडीत काय चढलं

आठ माइक-इनपुट आणि आठ लाइन-आउटपुट असलेला एक ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये पोहोचवणारी पेटी), एक लॅपटॉप, बाहेरच्या दोन डिस्क. इथे ‘आठ’ हा आकडा पुढचं सगळं ठरवतो. वाटप असं: बेस ड्रमला एक, स्नेअर या खणखणीत आवाजाच्या लहान ड्रमला एक, ड्रमच्या वरून दोन, गिटारच्या ॲम्पला एक, बेस गिटार डीआय बॉक्समधून (माइकशिवाय वाद्य जोडणारी डबी) थेट एक, व्हायोलिनला एक, गाण्याला एक. टॉम या उरलेल्या ड्रमना वेगळे माइक ठेवले नाहीत. वरचे दोन नीट लावले की त्यांची गरज पडत नाही, आणि चुकीचे लावले तर टॉमचे वेगळे माइक ती चूक भरून काढत नाहीत.

एक्सएलआर केबल, म्हणजे तीन पिनांच्या माइकच्या केबल, आठ लागतात, बारा घेतल्या, प्रत्येकी ६ मीटरच्या. निघण्यापूर्वी सगळ्या टेस्टरवर तपासल्या आणि तपासताना प्लगजवळ हलवून पाहिल्या, कारण सोल्डरचा डाग बहुतेक वेळा तिथेच सुटतो. पिन १ म्हणजे शील्ड, तारांभोवतीचं धातूचं आवरण. ती तुटली की आवाज येतो, पण गुणगुण सोबत घेऊन. पिन २ किंवा ३ तुटली की आवाज बारीक आणि पातळ येतो, आणि माणूस तासभर माइकलाच दोष देत बसतो. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिकटपट्टी लावली. गुंडाळताना एक वळसा सरळ, एक उलटा. कोपराभोवती पीळ देऊन गुंडाळलेली केबल आतून लवकर मरते.

मग डिस्कचं गणित. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका ट्रॅकचा एक तास म्हणजे साधारण ५१८ एमबी. आठ ट्रॅकचे ४.१५ जीबी. दोन दिवस रोज सहा तास रेकॉर्ड बटण दाबून ठेवलं तरी ५० जीबीच्या आसपास, आणि दुसरी प्रत धरून १००. जागेचा प्रश्न येत नाही, फॉरमॅटचा येतो. फॅट३२ या जुन्या फॉरमॅटच्या डिस्कवर एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबीची आहे. आठ चॅनेल एकाच फाइलमध्ये लिहिणारं यंत्र असेल, तर साधारण ६२व्या मिनिटाला ते फाइल तोडेल किंवा थांबेल. दोन्ही डिस्क आधीच एक्सफॅट करून घेतल्या. त्या एका पिशवीत ठेवायच्या नाहीत हा नियम पहिल्याच पानावर लिहिला.

उरलेलं सामान: सात स्टँड, डोळे बंद करून हाताला लागेल अशा जागी गॅफर टेप, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, ॲम्पचे फ्यूज, तारांचे दोन संच, ड्रमची किल्ली, बंद पाठीचे चार हेडफोन आणि त्यांना वाटप करणारा छोटा ॲम्प, तीन जाड गोधड्या, १२ मीटर सुतळी. शिवाय दोन कॅसेट डेक आणि ४५ कोऱ्या सी-४० (चाळीस मिनिटांच्या) कॅसेट.

दिवस दुसरा : लाकडी खोली

पहिला मुक्काम एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. खोली साधारण ७ मीटर लांब, ५ रुंद, फरशी लाकडी, दोन भिंतींना पुस्तकांची कपाटं. अशी खोली मिळाली तर सोडू नये. वेगवेगळ्या जाडीची पुस्तकं आवाज शोषण्यापेक्षा विखुरण्याचं काम चांगलं करतात. मोकळ्या राहिलेल्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये मात्र टाळी वाजवली की ‘तर्रर्र’ असा फडफडता प्रतिध्वनी येत होता. त्यातल्या एका भिंतीपुढे स्टँडवर गोधड्या टांगल्या, भिंतीला चिकटवून नव्हे तर ३० सेंटिमीटर पुढे. शोषणारं कापड भिंतीपासून जितकं दूर, तितक्या खालच्या सुरांपर्यंत ते काम करतं. ३० सेंटिमीटर म्हणजे साधारण २८५ हर्ट्झच्या लहरीच्या लांबीचा चौथा भाग. भिंतीला टेकवलेली तीच गोधडी फक्त वरचे स्वर खाते आणि खोली मंद, तरी घुमणारी होते.

ड्रम कोपऱ्यात नको, बरोबर मध्यावरही नको. लांबीच्या एक तृतीयांशावर ठेवले. वरच्या दोन माइकसाठी सुतळी बाहेर आली: स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही माइक बरोबर १०० सेंटिमीटरवर. हे अंतर सारखं नसेल तर स्नेअर डावी-उजवीकडे सरकते आणि मोनोमध्ये तिचं अंग जातं. आवाज एका मीटरला २.९ मिलिसेकंद घेतो, म्हणजे दहा सेंटिमीटरची चूकसुद्धा कानाला कळते. नंतर बेस ड्रमच्या ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटी-सुलटी करून वरच्या माइकबरोबर ऐकली. ज्या बाजूला पोट भरतं ती ठेवायची. हे मिक्सच्या वेळी बघू म्हणणारे बहुधा बघत नाहीत, आणि मग इक्वलायझरने खालचे स्वर वाढवत बसतात.

गिटारचा ॲम्प शेजारच्या खोलीत, दार लावून. बेस थेट. त्यामुळे ड्रमच्या माइकमध्ये ड्रमच येतो, आणि एखाद्याचा सूर चुकला तर तो ट्रॅक वेगळा दुरुस्त करता येतो. व्हायोलिन आणि गाणं तिसऱ्या दिवसासाठी ठेवलं. आज गायकानं हेडफोनमध्ये फक्त दिशा दाखवण्यापुरतं गायचं.

लेव्हल लावताना सर्वांत जोरकस भाग वाजवायला सांगितला आणि शिखर उणे १६ डीबीवर (डेसिबल) ठेवलं. टेक, म्हणजे गाण्याचं एक सलग मुद्रण, सुरू झाला की हात जड पडतो, शिखर उणे १०–१२ पर्यंत चढतं. २४ बिटमध्ये काटा शून्याजवळ नेण्याची काहीच गरज नाही. ती सवय टेपच्या काळातली आहे, तेव्हा खालची खरखर खरोखर जवळ होती. डिजिटलमध्ये शून्य ओलांडलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

पाच गाणी, प्रत्येकी जास्तीत जास्त चार टेक. चौथ्यानंतर बोटं सुधारत नाहीत, फक्त सावध होतात. प्रत्येक टेक संपताक्षणी वहीत नोंद: गाण्याचा क्रमांक, टेकचा क्रमांक, गती, चूक कितव्या सेकंदाला. फाइलचं नावही तसंच, म्हणजे ‘गाणे०३_टेक०२’. ‘शेवटचा_नक्की’ अशा नावाची फाइल कुणी केली की तिथेच बदलायला लावायची. दिवसअखेर कुणीही न हलता खोलीची ३० सेकंदांची शांतता मुद्रित केली. दोन टेक जोडताना मधल्या फटीत हीच भरावी लागते, नाहीतर पूर्ण निःशब्द तुकडा कानाला खड्ड्यासारखा लागतो.

अशी टेकची नोंद आपल्यापुरती न ठेवता छापायची कल्पना जुनी आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक पथकानं २८ डिसेंबर १९७६ रोजी चार गाणी मुद्रित केली, नातलग आणि मित्रांकडून उसने पैसे घेऊन न्यू हॉर्मोन्स या स्वतःच्या लेबलवर जानेवारी १९७७मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड काढली, आणि वेष्टनावर कुठलं गाणं कितव्या टेकचं, त्यावर नंतर वेगळी गिटार चढवली आहे की नाही, हे छापलं. पहिल्या १००० प्रती काढल्या होत्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या स्क्रिटी पोलिटी या पथकानं आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर मुद्रणापासून लेबल छापण्यापर्यंतचा खर्च मांडला. वाचणाऱ्याला दिसलं की हे काम कुणालाही करता येईल. नंतरच्या वर्षांत शेकडो लहान लेबलं निघाली, त्यामागे गाण्यांइतकीच ही छापील माहिती होती असं आम्हाला वाटतं.

दिवस तिसरा : गुणगुण, गाणं आणि वाटणीचा कागद

सकाळी व्हायोलिन. माइक वाद्याच्या वर साधारण ६० सेंटिमीटर, गजाच्या रेषेत नको. तिथे रोझिनचा घासलेला आवाज फार येतो.

दुपारी एक गिटार वरून चढवायला घेतली आणि गुणगुण सुरू झाली. अशा वेळी सगळ्या केबल उपसू नयेत, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी गुणगुणीचा सूर ओळखायचा. विजेच्या मूळ कंपनाचा, म्हणजे देशाप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झचा, जाड आवाज असेल तर बहुधा ग्राउंड लूप किंवा ट्रान्सफॉर्मरची जवळीक. त्याच्या दुप्पट आणि वरचे कर्कश थर असतील तर पॉवर सप्लाय किंवा दिव्याचा डिमर. इथे जाड आवाज होता. लॅपटॉपचा चार्जर काढला, बॅटरीवर घेतला, गेला. म्हणजे चार्जर आणि ॲम्प दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेले होते आणि त्यांचा फेरा केबलच्या शील्डमधून पूर्ण होत होता. दोन्ही एकाच पॉवर पट्टीवर घेतले, मधल्या डीआय बॉक्सचं ग्राउंड-लिफ्ट बटण दाबलं, चार्जर पुन्हा लावला, शांत. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नये. गुणगुण जाते, पण ॲम्पमध्ये बिघाड झाला तर तारेवरचं बोट आणि माइकवरचा ओठ यांच्यातून वीज जाते.

गाण्यासाठी माइक ओठांपासून २० सेंटिमीटर, मध्ये जाळी. गोधडी माइकच्या मागे नव्हे, गायकाच्या पाठीमागे टांगली. कार्डिऑइड माइक ज्या दिशेला तोंड करतो तिथलं ऐकतो, आणि तिथे गायकामागची भिंत असते. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ नमुन्यांवर आणला: ४८ किलोहर्ट्झला एका वाटेचे २.७ मिलिसेकंद. जाऊन-येऊन आणि यंत्राचा स्वतःचा उशीर धरला तरी गाताना चालतं. १०२४ वर राहिला असता तर २१ मिलिसेकंद एका वाटेचे, आणि गायक नकळत मागे ओढत गातो.

संध्याकाळी यंत्रं बंद करून कागद काढला. गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक पथकं मोडण्याचं कारण असतं. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. प्रत्येक गाण्यापुढे दोन्हींची टक्केवारी, बेरीज १००, तारीख, चार सह्या. वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्ड या १९८०मध्ये सुरू झालेल्या लेबलनं लेखी करारांशिवाय, शब्दावर अनेक दशकं काम चालवलं. त्याबद्दल मनापासून आदर आहे, तरीही आमचा आग्रह कागदाचा. शब्द पाळणारी माणसंही दहा वर्षांनी आकडा वेगळा आठवतात. एखादा वादक हक्कसंस्थेचा (रचनांचे पैसे गोळा करणारी संस्था) सभासद असेल तर तेही याच कागदावर लिहायचं, कारण काही संस्थांकडे रचनेचा हक्क आधीच सोपवलेला असतो आणि मग ती मुक्त परवान्यानं वाटता येत नाही.

दिवस चौथा : दगडी सभागृह

पहिला कार्यक्रम, आणि त्यातूनच उरलेली तीन गाणी घ्यायची. सभागृह दगडी, उंच. रिकामं असताना टाळी जवळजवळ तीन सेकंद रेंगाळत होती. माणसं बसली की ती बरीच आटते, म्हणून रिकाम्या सभागृहात केलेला साउंडचेक हा अंदाज समजावा, निकाल नव्हे. अशा जागी आवाज वाढवून स्पष्टता येत नाही, उलट चिखल होतो. ड्रमवाल्यानं जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या घेतल्या, गिटारचा ॲम्प खाली आणला, आणि पीए, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या स्पीकर-व्यवस्थेतून, मुख्यतः गाणं आणि व्हायोलिन सोडलं.

शिट्टी मारणारा फीडबॅक माइकच्या दिशेवर अवलंबून असतो. साधा कार्डिऑइड माइक बरोबर मागे, १८० अंशांवर बहिरा असतो, तेव्हा मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) त्याच्या पाठीशी सरळ रेषेत. सुपरकार्डिऑइड मात्र पाठीमागे थोडं ऐकतो आणि साधारण १२६ अंशांवर बहिरा असतो, तेव्हा मॉनिटर तिरका. माइक बदलून मॉनिटर तसाच ठेवला की तक्रार ध्वनिव्यवस्थेकडे जाते, चूक कोनाची असते. आणि जाळी मुठीत धरून गाऊ नये. मागची छिद्रं झाकली की माइकची दिशाच संपते आणि तो सगळीकडचं ऐकू लागतो.

मुद्रणासाठी आठच चॅनेल, आणि प्रेक्षकांकडचे दोन माइक हवेतच. त्यांच्याशिवाय कार्यक्रमाचं मुद्रण कोरड्या तालमीसारखं ऐकू येतं. म्हणून स्नेअरचा माइक सोडला, वरच्या दोनांऐवजी एकच ठेवला: बेस ड्रम, वरचा एक, गिटार, बेस, व्हायोलिन, गाणं, सभागृहाचे दोन. प्रत्येक माइक दोन वाटांना विभागून एक वाट सभागृहाच्या मिक्सरला, एक आमच्या इंटरफेसला. काही माइकना लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा फक्त मिक्सरकडून द्यायचा, दोन्हीकडून नाही. कुठली वाट कुठे ते विभाजकाच्या डबीवरच लिहून ठेवलं, अंधारात तीच वाचावी लागते.

तिकिटाच्या पैशांचा हिशेब कार्यक्रमानंतर लगेच, यजमानाबरोबर, टेबलावर. आधी सभागृहाचा ठरलेला खर्च, मग उरलेल्याची ठरलेली वाटणी. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडा जुळला की दोघांनी वहीत सही करायची. यात अविश्वास नाही. थकलेली माणसं रात्री अकरा वाजता चुकीचं मोजतात, एवढंच.

दिवस पाचवा : फक्त रस्ता

निघण्यापूर्वी आदल्या रात्रीच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून दोन्हींचे चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवले. नुसता आकार सारखा दिसणं पुरेसं नाही. गाडीत कच्ची टेक ऐकली, हेडफोन नाही, गाडीचेच स्पीकर. पाच गाण्यांसाठी निवडलेले टेक: २, १, ४, २, ३.

दिवस सहावा : मिक्स

शांत खोली, दोन प्रकारचे हेडफोन आणि एक साधा मोनो स्पीकर. हेडफोनवर मिक्स करता येत नाही हे मत आता जुनं झालं, पण दोन धोके खरे आहेत. डावं-उजवं अंतर फसवं मोठं वाटतं, आणि खालचे स्वर हेडफोनच्या बनावटीवर ठरतात. म्हणून दर अर्ध्या तासानं मोनो स्पीकरवर, हळू आवाजात ऐकायचं. हळू आवाजात गाणं ऐकू येत असेल आणि स्नेअर हरवत नसेल तर समतोल जमला.

सभागृहातल्या तीन गाण्यांत प्रेक्षकांचे माइक मंचापासून १२ मीटरवर होते, म्हणजे ३५ मिलिसेकंद मागे. तसेच मिसळले तर प्रत्येक स्नेअर दोनदा वाजते. पूर्ण ३५ पुढे ओढले तर सभागृहच नाहीसं होतं. २३ मिलिसेकंद ओढले, १२ ठेवले. हा आकडा नियमानं आला नाही, कानानं आला.

मास्टर, म्हणजे प्रती काढायच्या अंतिम आवृत्त्या, दोन केले. फाइलींसाठी एक: एकूण लाउडनेस उणे १४ लुफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास, ट्रू पीक, म्हणजे खरं शिखर, उणे १ डीबी. मोठ्या स्ट्रीमिंग सेवा फार मोठा मास्टर आपोआप खाली आणतात, तेव्हा लिमिटरनं (शिखरं दाबणारं साधन) चिरडून मिळत काहीच नाही, ताल तेवढा मरतो. वरचा एक डीबी मोकळा ठेवायचा, कारण एमपी३ किंवा तत्सम रूपांतरात शिखरं थोडी उसळतात. संथ गाणं जोरकस गाण्याइतकं मोठं करायचं नाही. संग्रहातलं चढ-उताराचं नातं हाही रचनेचाच भाग आहे. शेवटी १६ बिटला आणताना डिदर (रूपांतराचा दोष झाकणारी अगदी बारीक खरखर), एकदाच.

कॅसेटसाठी दुसरा. साध्या फेरिक टेपला वरचे स्वर जोरात दिले की तिला ते झेपत नाही, आवाज घोगरा होतो. म्हणून ‘स’ आणि ‘श’ डी-एसरनं दाबले, झांजा दीड डीबी खाली, १०० हर्ट्झखालचं सगळं मध्यभागी. बाजूंची लांबी मोजली: अ बाजू १७ मिनिटं १० सेकंद, ब बाजू १६ मिनिटं ५०. लांब बाजू अ ठेवायची, म्हणजे जास्त कोरी टेप ऐकणाऱ्याला शेवटी लागते, मध्ये कमी.

दिवस सातवा : चाळीस कॅसेट

आमचे दोन डेक, यजमानांचे दोन. इंटरफेसचे आठ आउटपुट म्हणजे चार स्टिरिओ जोड्या, प्रत्येक डेकला एक. आउटपुट कमी असतील तर एका लाइन-आउटपुटला वाय-केबल लावून दोन डेक चालतात, हरकत नाही. उलटं मात्र कधीच नाही, दोन आउटपुट एकत्र बांधू नयेत.

घाई करण्यापूर्वी चारही डेक एका रेषेत आणावे लागतात, आणि घरगुती प्रती बिघडतात त्या इथेच. ३१५० हर्ट्झचा स्वर असलेली चाचणी-कॅसेट प्रत्येकात वाजवून लॅपटॉपवर वारंवारता पाहिली. तीन ठीक. चौथ्यावर ३२१३, म्हणजे दोन टक्के जलद. असा डेक मुद्रण करताना जास्त टेप ओढतो, आणि तीच कॅसेट नीट चालणाऱ्या यंत्रावर दोन टक्के हळू वाजते: सूर अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांशानं खाली. गायकाला ते लगेच कळतं, ऐकणाऱ्याला नुसतं काहीतरी जड वाटतं. मोटरच्या पाठीमागच्या छिद्रात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून गती खाली आणली, दर वेळी कणभर फिरवून वाट बघत.

मग टेप वाचणाऱ्या हेडचा कोन, अर्थात ॲझिमथ. त्याच चाचणी-कॅसेटवरचा १० किलोहर्ट्झचा स्वर वाजवून डावं-उजवं मोनोत मिसळायचं आणि हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू किंचित फिरवत आवाज सर्वांत मोठा होईल तिथे थांबायचं. कोन चुकलेल्या डेकची प्रत त्याच डेकवर उत्तम आणि इतर सगळीकडे मंद वाजते, म्हणून ही चूक घरी सापडत नाही, गिऱ्हाइकाकडे सापडते. हेड, कॅपस्टन (टेप ओढणारा दांडा) आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसले. दर पाच फेऱ्यांनी पुन्हा. डॉल्बी, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी सोय, बंद, कारण आजच्या बऱ्याच प्लेअरमध्ये ती सोय नसते आणि डॉल्बीची प्रत त्यावर कर्कश लागते.

लेव्हल प्रत्येक डेकवर वेगळी. सर्वांत जोरकस भागात काटा +३ ला लागेल इतकी ठेवून एक मिनिट मुद्रण केलं, परत ऐकलं. तिसऱ्या डेकवर झांजा तडकत होत्या, त्याला +१ वर आणलं. कॅसेटची सुरुवातीची काही सेकंदं पट्टी कोरी, चुंबकीय थर नसलेली असते. म्हणून रेकॉर्ड दाबून आठ सेकंद मोजायचे आणि मगच लॅपटॉपवर गाणं सुरू करायचं. हे विसरलं की पहिला ठेका गायब.

एका फेरीत चार कॅसेट, दोन्ही बाजू मिळून ३४ मिनिटं, उलटणं-बदलणं चार मिनिटं. दहा फेऱ्या म्हणजे सहा तास वीस मिनिटं. दोन डेकवर हेच बारा तास चाळीस मिनिटं झालं असतं. प्रत्येक कॅसेटची दोन्ही बाजूंची पहिली आणि शेवटची वीस सेकंदं ऐकली. तीन बाद झाल्या: दोनमध्ये टेप दुमडलेली, एकीत डावा चॅनेल मध्ये बुडत होता. जादा आणलेल्या पाचांतून भरपाई झाली. बाद होणाऱ्या नेहमी असतातच, मोजून तेवढ्याच आणू नयेत. शेवटी वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडले, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही.

फेऱ्या चालू असताना दुसरं टेबल कॅसेटच्या डबीत घालायच्या कार्डांचं. उंची १०१ मिलिमीटर, पुढची बाजू ६५, कणा साडेबारा. घडी घालण्याआधी बोथट सुरीनं रेघ ओढली नाही तर शाई घडीवर तडकते. आतल्या बाजूला वहीतल्या नोंदी जशाच्या तशा: कुठलं गाणं कितवा टेक, कुठल्या खोलीत, कुठले माइक किती अंतरावर, चौथ्या गाण्यात वरून चढवलेली गिटार, कॅसेटला आणि कार्डाला आलेला खर्च. १९७९मध्ये टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ हा कॅसेटवर मुद्रण करणारा डेक आला तेव्हा चार ट्रॅक घरात आले. दुप्पट वेगानं चालणारा, सगळी टेप एकाच दिशेनं वापरणारा, ६० मिनिटांच्या कॅसेटवर १५ मिनिटंच देणारा. तेव्हापासून यंत्रं फार स्वस्त झाली, तरी अंतरं आणि आकडे अजून तोंडोतोंडीच मिळतात. ते छापले पाहिजेत.

दिवस आठवा : पान आणि शेवटचा कार्यक्रम

सकाळचं काम फाइलींचं. प्रत्येक मुद्रणाला एक आयएसआरसी, म्हणजे मुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख-कोड: बारा अक्षरं-अंक, त्यात नोंदणीचा पाच अक्षरी उपसर्ग, वर्षाचे दोन अंक आणि पाच अंकी क्रमांक. स्टुडिओतली आणि सभागृहातली आवृत्ती वेगळी असेल तर कोडही वेगळे. वितरक बदलला तरी गाण्याचा कोड तोच ठेवायचा. नवा दिला की जुने ऐकल्याचे आकडे तुटून पडतात. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच, नाहीतर गाणी दुसऱ्याच कुणाच्या पानावर जाऊन बसतात आणि ती परत आणायला आठवडे लागतात.

मुख्य घर म्हणून स्वतःच्या डोमेनवर एक स्थिर पान केलं, फेअरकँप या मुक्त साधनानं. ते फाइलींच्या फोल्डरमधून प्लेअरसकट पान तयार करतं. फ्लॅक (दर्जा न गमावता लहान केलेली फाइल) आणि एमपी३, दोन्ही उतरवून घेता येतात. ३२० केबीपीएसचा पूर्ण संग्रह ८२ एमबी. बँडकँप या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावरही चढवला. ते डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेतं, आणि उरलेला व्यवहार समजायला सोपा आहे. पण २००८मध्ये सुरू झालेली ही सेवा २०२२मध्ये एपिक गेम्सकडे आणि २०२३मध्ये साँगट्रेडरकडे गेली. २०१९मध्ये मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमानं सर्व्हर हलवताना अनेक वर्षांची गाणी गमावल्याचं जाहीर केलं. इंटरनेट आर्काइव्हवर नंतर परत आली ती सुमारे ४ लाख ९० हजारच. दुसऱ्याच्या जागेवर दुकान मांडावं, घर नव्हे. स्ट्रीमिंगलाही दिलं, तीन आठवड्यांपुढची तारीख टाकून. तिथून उत्पन्न धरलेलं नाही: स्पॉटिफायवर २०२४पासून, मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला मुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत.

परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय द्या आणि त्याच अटीवर पुढे वाटा. चौघांची लेखी संमती तिसऱ्या दिवशीच्या कागदावर आधीच होती. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, म्हणून घाईनं देऊ नये.

रात्रीचा कार्यक्रम तळघरातल्या लहान खोलीत. आदल्या दगडी सभागृहाच्या उलट, इथे घुमणं नव्हतंच. पीए-मधून फक्त गाणं. विक्रीचं टेबल दाराजवळ नको, तिथे गर्दी अडते आणि लोक निघून जातात. बाजूच्या भिंतीला, उजेडात, एक कॅसेट उघडून ठेवलेली, शेजारी ऐकायला प्लेअर. लोकांनी आतलं कार्ड उभ्या-उभ्या वाचलं, आणि सर्वाधिक प्रश्न गोधडी भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर का, याचेच आले. ज्यांना पुढची गाणी कळवलेली हवी होती त्यांनी ई-मेल पत्ता स्वतःच्या हातानं लिहिला. कॅसेट ३१ गेल्या. प्रत्येक यजमानाला एक, असे तीन. सहा उरल्या.

दिवस नववा : परतल्यावर

सामान उतरवण्याआधी डिस्क. प्रत्येक गाण्याचे सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या सलग डब्ल्यूएव्ही फाइली करून काढले, कारण आजच्या सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट दहा वर्षांनी उघडेलच असं नाही, साध्या फाइली मात्र कुठल्याही साधनात एका रेषेत बसतात. त्यांच्याबरोबर दोन्ही मास्टर, कार्डाची छापायची फाइल, वाटणीच्या कागदाचं स्कॅन, कोडांची यादी, ई-मेल पत्ते, आणि वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो. चेकसम जुळले. एक डिस्क इथे, एक दुसऱ्या वादकाच्या घरी, तिसरी प्रत दूरच्या सर्व्हरवर रात्रभर चढत राहिली. वहीतली शेवटची नोंद: केबल ७, पिन ३, पुन्हा डाग देणे.